नववीच्या वर्गात जग कुठून सुरू करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगते. पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत तुम्ही नववीला इतिहास-भूगोल शिकवता. मुख्याध्यापकांनी यंदा आठवड्याची एक तासिका ‘जागतिक नागरिकत्व’ या नावाने तुमच्याकडे दिली. तुम्ही मुलांकडून देशांचे ध्वज करून घेतले, चलनांचा तक्ता लावला, वेगवेगळ्या भाषांतला नमस्कार पाठ करून घेतला, २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिन साजरा केला. मुलं रमली. त्याच आठवड्यात शाळेसमोरून दोन आफ्रिकी विद्यार्थी चालले होते, तर तुमच्याच वर्गातल्या मुलांनी खिडकीतून आवाज काढले. वर पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, ‘आधी देशाचे नागरिक होऊ द्या, जगाचं नंतर बघू.’ आता पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

खिडकीचा प्रसंग तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मुलांना जगाची माहिती मिळाली, पण जगातल्या कुणाशी आपलं काही देणंघेणं आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ध्वज ओळखता आला म्हणून त्या देशातल्या माणसाचा मान ठेवावासा वाटतो, असं होत नाही. पहिलं शिकवलं की दुसरं आपोआप येतं, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे आणि बहुतेक उपक्रम तिच्यावरच उभे असतात.

मी हे काम आधी महापालिकेच्या शाळेत केलं, मग अनुदानित शाळेत, आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात करते. माझी पद्धत अशी. मुलाच्या घरातून निघणाऱ्या किंवा घरात येणाऱ्या एखाद्या गोष्टीचा माग काढायचा. तो अशा माणसापर्यंत न्यायचा, ज्याला आपण कधी भेटणार नाही, पण आपल्या वागण्याची झळ किंवा लाभ ज्याला पोचतो. आणि तिथे पोचल्यावर घाईने पुढे जायचं नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मुलं नववीची आहेत म्हणून मी पुढे लिहिलेले वादाचे विषय सुचवतेय; सहावीला त्यातले निम्मे झेपणार नाहीत. पट साठचा असेल तर सगळ्या वर्गाची मिळून चर्चा होत नाही, चारपाच मुलंच बोलत राहतात. तेव्हा बाकांप्रमाणे गट करावे लागतील. मुलं नदीकाठच्या वस्तीतली असतील तर नदी त्यांच्यासाठी धड्यातली गोष्ट नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की ते त्यांच्या घरात शिरतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झालं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. अशा वर्गात तुम्ही कमी बोलायचं आणि मुलांना बोलू द्यायचं. मुख्याध्यापक तुम्हाला किती मोकळीक देतात, हेही महत्त्वाचंच.

मी नदीपासून सुरुवात करते. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा लावायचा आणि विचारायचं, ‘आज सकाळी तुम्ही ज्या पाण्याने आंघोळ केली, ते आत्ता कुठे असेल?’ मुलं म्हणतात, ड्रेनेजमध्ये. मग? नाल्यात. मग? मुठेत. संगमापर्यंत, फार तर बंडगार्डनपर्यंत बहुतेकांना येता येतं. शहराची हद्द संपली की त्यांची नदीही संपते. इथून पुढे एकेका मुलाला बोलवून नकाशावर बोट फिरवायला सांगायचं. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून जाते, भिगवणजवळ तिचा फुगवटा सुरू होतो आणि मग उजनीचं धरण. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. एकट्या उजनीची ११७. आपलं शहर जे वापरून सोडून देतं, त्यातलं शुद्ध केलेलंही आणि न केलेलंही पाणी त्या ११७ मध्ये जातं. तिथूनच सोलापूर शहर पितं. तिथूनच आषाढीला चंद्रभागेत पाणी सोडतात.

वर्गात कुणाची तरी आजी वारीला जातेच. एखादी मुलगी म्हणते, ‘म्हणजे आजी पंढरपूरला जे...’ आणि वाक्य अर्धं सोडते. ते वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मुलांना ते मनातल्या मनात पूर्ण करू द्या.

मग भीमा कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते, आणि कृष्णा तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. भाषा दोनदा बदलते, पाणी तेच. आणखी दोन गोष्टी मी मुद्दाम सांगते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. ते मंगोलियातून आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. दुसरी गोष्ट जलपर्णीची. दर उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जो हिरवा गालिचा पसरतो, ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. शोभेचं रोप म्हणून ती जगभर नेली गेली आणि आता आपल्या सांडपाण्यावर पोसली जाते. ज्या मुलाने पुण्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या घराजवळच्या नाल्यात ब्राझीलची वनस्पती आहे आणि त्याच नाल्याचं पाणी जिथे जातं तिथे मंगोलियाचा पक्षी पोहतोय. ‘आमच्या मुलांनी मुंबईही पाहिलेली नाही, त्यांना जग काय सांगायचं’ असं तुम्ही लिहिलंय ना, त्याला माझं हे उत्तर आहे.

या तासिकांतून मुलांच्या हाती मी दोन शब्द देते आणि ते वर्षभर वापरते: वरचे आणि खालचे. नदीवर जो वर असतो त्याला खालच्याचं दिसत नाही, आणि खालच्याला वरच्याचं सगळं सोसावं लागतं. प्रत्येक विषयात विचारायचं, इथे आपण वरचे की खालचे? उजनीच्या बाबतीत पुणेकर वरचे आहेत. हवामानबदलाच्या बाबतीत? अमेरिकेत दरडोई कार्बन डायऑक्साइड आपल्या सहा-सात पट बाहेर पडतो. तिथे आपण खालचे. पण कुणीतरी हुशार मुलगा लगेच विचारतो की दोन एसी आणि दोन गाड्या असलेला पुणेकर आणि माणदेशातला मेंढपाळ हे दोघं एकाच ‘आपण’मध्ये कसे बसतात? हा प्रश्न आला की समजायचं, वर्ग चालायला लागला. जो मुलगा एका ठिकाणी स्वतःला खालचा म्हणून ओळखतो, तो दुसऱ्या ठिकाणी आपण वरचे आहोत हे कबूल करायला तयार होतो. नुसतं ‘तुम्ही जगाचं नुकसान करताय’ असं सांगितलं तर मुलं कान बंद करतात. नुसतं ‘जग आपल्यावर अन्याय करतं’ असं सांगितलं तर कान उघडे ठेवतात, पण शिकत काही नाहीत. दोन्ही बाजू एकाच मुलाला अनुभवायला मिळाव्या लागतात.

आता वादाचा विषय. पुण्यातल्या शिक्षकाकडे यासाठी जे उदाहरण आहे ते जगात फार कुणाकडे नाही. लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून आपल्या हडपसरला आहे. १२ जानेवारी २०२१ ला तिथून कोव्हिशील्डचे ट्रक देशभर निघाले, १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं. २४ फेब्रुवारीला पुण्यात बनलेल्या सहा लाख मात्रा घानाची राजधानी आक्राला उतरल्या. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेतून भारताबाहेर पोचलेली ती पहिली खेप. त्याआधीच काही श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट मात्रा आगाऊ नोंदवून ठेवल्या होत्या. मार्चअखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि कोव्हॅक्सला पुन्हा खेप मिळायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पहिली मात्रा घेतलेले आरोग्यसेवक दुसरीची वाट पाहत राहिले. आणि एप्रिलमध्ये पुण्यात काय चाललं होतं ते आपण विसरलेलो नाही: खाटांसाठी फोन, ऑक्सिजनसाठी धावपळ, रेमडेसिविरसाठी रांगा.

मुलांना विचारायचं: निर्णय तुमच्या हातात असता तर? पण हात वर करून मत घेऊ नका. मतदान झालं की जिंकलेले गप्प बसतात आणि हरलेलेही. मी दोन कागद लिहायला लावते. पहिला, आक्राच्या रुग्णालयातली परिचारिका म्हणून. दुसरा, हडपसरला राहणाऱ्या, आजीला लस मिळत नसलेल्या नातवाचा. दोन्ही कागद त्याच मुलाने लिहायचे. नंतर वाचन. बहुतेक मुलं शेवटी म्हणतात, ‘आधी आपल्या माणसांना.’ मी त्यांना दरडावत नाही, कारण हे मत वाईट नाही. मी फक्त विचारते, ‘आपली माणसं म्हणजे कोण? कारखाना हडपसरचा, मग हडपसरची माणसं आधी? पुण्याची? नागपूरची डॉक्टर आधी की पुण्यातला पंचविशीतला धडधाकट तरुण?’ रेषा कुठे ओढायची यावर मुलं स्वतःच अडखळतात. कुणी म्हणतं, देश बघू नका, ज्याला धोका जास्त त्याला आधी. कुणी म्हणतं, सरकार आपण निवडून दिलंय, त्याने आपलंच आधी बघायला हवं. दोन्ही युक्तिवाद खरे आहेत. माझं मत मुलांनी विचारलं तर मी सांगते, पण शेवटी, आणि कारणांसकट. आरोग्यसेवकांना आधी मिळायला हवी होती, ते कुठल्याही देशाचे असोत, असं मला वाटतं. वर्गातली निम्मी मुलं ते मान्य करत नाहीत आणि तसंच घरी जातात.

इथे एक जपायला हवं. २०२१ मध्ये ज्यांच्या घरातलं माणूस गेलं अशी मुलं तुमच्या वर्गात असू शकतात. वर्गशिक्षकांकडे आधी चौकशी करा. तसं मूल असेल तर त्याच्याशी एकट्याने बोला, आणि त्याला नको असेल तर हा विषय सोडून कांदा घ्या.

कांद्याची गोष्टही तितकीच पक्की आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या मुलांच्या जवळची. जुन्नर, आंबेगाव, खेडचा शेतकरी कांदा पिकवतो, चाकण-मंचरच्या बाजारात आणतो. २९ सप्टेंबर २०१९ ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, कारण शहरात भाव चढले होते. इकडे भाव उतरावेत म्हणून केलेल्या या बंदीने ढाक्यात कांदा भडकला. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना त्याच सुमारास दिल्लीत आल्या असताना म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला सांगितलंय की जेवणात कांदा घालू नकोस. आता वर्गात तीन खुर्च्या मांडा: ओतूरचा शेतकरी, पुण्यातली गृहिणी, ढाक्यातला हातगाडीवाला. प्रत्येकाचं म्हणणं मुलांनी मांडायचं. गंमत अशी की शेतकरी आणि हातगाडीवाला, दोघांनाही निर्यात सुरू राहायला हवी असते. इतके दूर असून ते एका बाजूला येतात आणि पुण्याची गृहिणी, जी शेतकऱ्याच्या भाषेची, त्याच्याच जिल्ह्याची, ती समोरच्या बाजूला. नकाशातल्या सीमा आणि हितसंबंधांच्या सीमा एक नसतात, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला मिळालेला नाही.

आता खिडकीतल्या आवाजाकडे येते. याला वेगळा उपक्रम लावू नका. बंधुभावाचा तक्ता तर मुळीच नको. पहिली गोष्ट, ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगायला हवं की हे या शाळेत चालणार नाही. ते तुम्ही केलं असेलच. त्यानंतरचं काम सावकाश करायचं आहे. आपली बरीच मुलं गोऱ्या परदेशी माणसाकडे मान वर करून बघतात आणि काळ्या परदेशी माणसाकडे नाक मुरडून. जग त्यांच्या डोक्यात आधीच उतरंडीसारखं रचलेलं आहे. तुम्ही त्यात आणखी देश भरलेत, उतरंड तशीच राहिली.

ती हलवायला आपल्याच इतिहासात खूप काही आहे. मलिक अंबरचं नाव मुलांना ठाऊक असतं. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला जात बगदादमार्गे दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे त्याने बांधलेली नहर शेकडो वर्षं पाणी देत राहिली, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. ज्या माणसांसारख्या दिसणाऱ्यांना पाहून मुलांनी आवाज काढले, त्यांच्यातलाच एक आपल्या इतिहासात इतक्या आत बसलेला आहे.

नंतर फुले. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःची झीज सोसली. पुण्यातल्या एका माणसाने समुद्रापलीकडे संपलेल्या गुलामगिरीशी आपल्या वाड्यावस्त्यांतलं दुःख जोडून पाहिलं. फोन नव्हता, विमान नव्हतं. हेच पुढे बाबासाहेबांनी केलं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण तिथले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत होते आणि अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का हा विचार त्यांच्या मनात होता. हे सांगताना वर्गातली जात समोर येणारच. येऊ द्या. डब्यातली भाजी कोण कुणाला देतं, मैदान झाडायला कुणाला पाठवलं जातं, कुणाच्या आडनावावर हसू येतं, हे मुलं पाहत असतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी आपण कसे वागतो याला हात न घालता आफ्रिकेविषयी आदर शिकवता येतो, यावर माझा विश्वास नाही.

आणि शक्य असेल तर एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला वर्गात बोलवा. पुण्यात ते हजारोंनी शिकतात; १९७१ मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदारांनी सिम्बायोसिस उभं केलं तेच मुळी अशा मुलांसाठी. पण पाहुण्याला नमुना म्हणून उभं करू नका. त्याला नाचायला, पोशाख घालून यायला, ‘तुमच्याकडे सिंह असतात का’ असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लावू नका. तो काय शिकतो आहे त्यावर त्याला बोलू द्या. मुलांनी प्रश्न आधी लिहून आणायचे आणि ज्याचं उत्तर मोबाइलवर मिळतं तो प्रश्न खोडायचा. पाहुण्यानेही मुलांना प्रश्न विचारावेत, हे ठरवून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका टांझानियाच्या विद्यार्थ्याला मुलांनी विचारलं, पुण्यात सगळ्यात अवघड काय गेलं? तो म्हणाला, खोली मिळणं. फोनवर हो म्हणणारे दारात उभं राहिल्यावर नाही म्हणायचे. त्याने सांगितलेल्या गल्ल्या मुलांच्या रोजच्या होत्या. एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, ‘सर, आम्हाला पण अशीच खोली नाकारली होती, आडनाव विचारून.’ त्या दोघांचं बोलणं मग पाचेक मिनिटं चाललं. मी मध्ये फक्त दुभाष्याचं काम करत होते.

पालकांच्या आक्षेपाला चिडून उत्तर देऊ नका, तो प्रामाणिक आहे. मी त्यांच्यापुढे संविधान ठेवते. अनुच्छेद ५१ सांगतो की राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता वाढवण्यासाठी, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानाचे संबंध राखण्यासाठी झटावं. अनुच्छेद ५१ क मध्ये नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत मानवतावाद आहे. म्हणजे तुम्ही वर्गात जे करताय ते देशाच्या नागरिकत्वाच्या आतलंच आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता, तो बदलून ‘सर्व मानव’ करायला लावला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. तो जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला. आणि पुणेकर पालकांना महर्षी कर्वे सांगावेत. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि त्यातून प्रेरणा घेऊन १९१६ मध्ये त्यांनी इथे महिला विद्यापीठ काढलं. आपल्या मुलींचं भलं व्हावं म्हणून त्यांनी टोकियोकडे पाहिलं. त्यांच्या देशप्रेमाला त्याने काही बाधा आली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे, पण माझा अनुभव असा की पालकांना धोरणाचा दाखला पटत नाही, कर्व्यांचा पटतो.

वेळेचं म्हणाल, तर ही तासिका पुढच्या वर्षी काढून घेतली तरी काम थांबत नाही. नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आहेत, आंतरराष्ट्रीय समस्या आहेत. दहावीचा भूगोल तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. इतकी चांगली संधी आपण ‘फरक स्पष्ट करा’च्या उत्तरांत घालवतो. जगात साखरेत पहिला ब्राझील, दुसरे आपण. २०१९ मध्ये ब्राझीलने ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालासह जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या ऊस-साखर अनुदानाविरुद्ध तक्रार केली. इंदापूर-दौंडला ज्यांचे मामा ऊस लावतात अशी मुलं हे ऐकून ताठ बसतात. मग ब्राझीलचा ऊसतोड कामगार आणि बीडहून कोयता घेऊन येणारं जोडपं यांच्याकडे वळा. परीक्षेतही त्याचा उपयोग होतो, हे मुख्याध्यापकांना सांगायला हरकत नाही.

एक सावधगिरी. साबुदाण्याची खिचडी घ्या: साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं, आणि ती आपल्या उपवासाला चालते. मुलं हे ऐकून ‘अरे वा’ म्हणतात. अशी माहिती वर्ग जागा करायला ठीक, पण तिच्यावर तासिका संपवू नका. तिथे कुणाचं नुकसान नाही, कुणाला निर्णय घ्यायचा नाही, त्यामुळे मुलं खूश होऊन जशीच्या तशी घरी जातात.

मुलांनी काही करावं, हेही हवं. घोषणा देत फेरी काढण्याऐवजी मी त्यांना त्यांच्या हाती असलेलं, रोज करावं लागेल असं एकच काम देते. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या ताई घरोघरी कचरा नेतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करताना त्यांचा हात त्यात पडणार नाही, अशी त्यांची मोहीम आहे. मी मुलगे आणि मुली दोघांनाही हे सांगते, आणि घरात हे सुरू करण्याची जबाबदारी त्यांना देते. कचरा काढणाऱ्या ताईंशी बोलून भंगाराचे भावही मुलं विचारून येतात. २००८ च्या शेवटी जगभरात मंदी आली तेव्हा भंगाराचे भाव कोसळले आणि त्याची झळ आपल्या कचरावेचकांना बसली. तोही एक माग आहे, घराच्या दारातून सुरू होणारा.

इंग्रजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मराठी शाळेतल्या मुलांना वाटतं, जग इंग्रजी बोलणाऱ्यांचं आहे. इंग्रजी शाळांत संयुक्त राष्ट्रांच्या सभेचा खेळ होतो, सूट घालून मुलं राजदूत होतात. त्याने बोलण्याचं धाडस येतं, ते चांगलंच. तुमच्या वर्गातली चर्चा मात्र मराठीतच होऊ द्या. आपल्याला नीट येणाऱ्या भाषेत मूल स्वतःचं मत बदलू शकतं. न येणाऱ्या भाषेत ते पाठ केलेलं मत म्हणतं.

गुण देऊ नका. मी प्रकल्प वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला एकच प्रश्न लिहायला लावते: या महिन्यात कुणाचा विचार तू पहिल्यांदा केलास? सुरुवातीला ‘गरीब लोक’, ‘शेतकरी’ अशी ढोबळ उत्तरं येतात. दिवाळीनंतर ‘भिगवणचे मासेमार’, ‘आमच्या सोसायटीचे नेपाळी काका, त्यांना सुट्टी कधी असते माहीत नाही’ असं दिसायला लागतं. आणि वादात कुणी न सांगता ‘पण त्यांचं काय?’ असं विचारतं. मी एवढ्याकडेच लक्ष ठेवते. काही मुलांत वर्षभरात काहीच दिसत नाही, तेव्हा ओढाताण करू नका.

तुमच्याकडे आता दुसरं सत्र आहे. पहिले तीन आठवडे नदीच्या नकाशाला द्या, दोन कांद्याला किंवा लशीला. मलिक अंबर आणि फुले इतिहासाच्या तासालाच घ्या, म्हणजे खिडकीतल्या प्रसंगाची शिक्षा म्हणून हे शिकवलं जातंय असं मुलांना वाटणार नाही. पाहुण्याला जानेवारीनंतर बोलवा. आधी बोलावलंत तर मुलं तयार नसतील आणि त्याचा अपमान व्हायचा. नदीवर न्यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, जलपर्णी दिसते तेव्हा, सकाळच्या वेळी न्या. पालकांची संमतीपत्रं आधी घ्या, दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि पात्रात कुणालाही उतरू देऊ नका. भिडे पुलापासून संगमापर्यंत काठाने चालत जाता येईल तेवढं जा आणि वाटेत नदीला मिळणारे नाले मुलांना मोजायला सांगा.